लाभ धरून बारा

मंगळवार, २२ नोव्हेंबर १९३८. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी भगवंतरावांनी कंदील कोंबांच्या पाटीजवळ सरकवला आणि मागच्या कागदावर पडलेल्या सावल्या पेन्सिलीनं गिरवायला घेतल्या. पहिल्या सहा कोंबांच्या सावल्या उजवीकडे कलल्या होत्या. सातव्याचीही कलली होती. आठव्यापासून बाराव्यापर्यंतच्या मात्र सळईसारख्या ताठ होत्या. त्यांनी कोनमापक लावला, काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"चौदा अंश," ते म्हणाले.

"कोन्ता?" दाराशी ओलं गोणपाट पिळत बसलेल्या सुभद्राबाईनं विचारलं.

"सातवा."

"आजबी सातवाच?"

"आजही सातवाच."

सुभद्राबाईनं गोणपाट भिंतीला लावलं आणि हात पुसले. सातवा उलटा लावलेला असतो, हे तिला ठाऊक होतं. उलट्या तुकड्यातून रस उतरत नाही, हेही तीन महिन्यांत तिला ठाऊक झालं होतं. अकरा पाट्या झाल्या होत्या आणि त्यांपैकी नऊ पाट्यांत सातवा वाकला होता.

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाबाहेर तीन मैलांवर हा सरकारी बियाण्याचा फार्म होता. तिथल्या धान्याच्या चार कोठ्यांपैकी एक भगवंतरावांनी मागून घेतली होती. फटी शेणामातीनं बुजवून, झरोक्यावर काळं कापड ठोकून त्यांनी तिची अंधारकोठी केली. आत बन्सी गहू भिजवून रुजत घालायचा आणि उजेडाचा कण न पाहिलेले त्याचे पांढुरके कोंब काडीएवढे झाले, की कामाला घ्यायचे. उजेड म्हणून फक्त लाल काचेचा एक कंदील. लाल उजेड कोंबांना दिसत नाही, असं भगवंतराव सांगत.

"दिसत नाई हे तुमाले कसं समजलं?" सुभद्राबाईनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"त्याच्याकडे ते वाकत नाहीत."

"असे आमच्या गावातबी लय जन हायेत साहेब. दिसते बराबर, पन वाकत नाईत."

भगवंतराव त्या दिवशी पोट धरून हसले होते. नागपूरच्या कॉलेजात शिकलेला, तिशीतला हा माणूस एरवी फारसा हसत नसे. तीन पावसाळ्यांच्या हिवतापानं त्यांचे हात थरथरत. म्हणून तर सुभद्राबाई तिथं आली. फार्मवरच्या एका लग्नघरी ती गव्हले वळत होती. चिमटीत कणीक धरून, वर न पाहता, एकासारखा एक दाणा ती परातीत टाकत होती. भगवंतरावांच्या बायकोनं ते पाहिलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

काम सांगायला सोपं होतं. कोंबाचा शेंडा पात्यानं उडवायचा आणि खालचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा कापून घ्यायचा. तुकड्याच्या माथ्यावर वाढीचा रस घातलेली चायना ग्रासची बारीक वडी ठेवायची आणि पायाशी कोरी वडी. दोन तासांनी पायाची वडी काढून शेंडा छाटलेल्या दुसऱ्या एका कोंबाच्या डाव्या अंगाला चिकटवायची. वडीत रस उतरला असेल, तर ते अंग जास्त वाढतं आणि कोंब उजवीकडे कलतो. उतरला नसेल, तर ताठ राहतो. एका पाटीत असे बारा. पहिले सहा तुकडे जसे उगवले तसे सरळ लावायचे, पुढचे सहा उलटे, म्हणजे बूड वर आणि शेंडा खाली.

अवघड गोष्ट एकच होती. तुकडा एकदा बोटांतून सुटला, की त्याचं कोणतं टोक वरचं आणि कोणतं खालचं, हे कुणाला सांगता येत नसे. दोन्ही टोकं अगदी सारखी. म्हणून जो कापेल, त्यानंच न सोडता लावायचा. भगवंतरावांच्या थरथरत्या बोटांना ते जमेना. सुभद्राबाईच्या हातून तीन महिन्यांत एकही तुकडा निसटला नव्हता.

"पुस्तक म्हणतं, रस वरून खालीच जातो," भगवंतराव आता कागदाकडे पाहत म्हणाले. "तुकडा उलटा केला तरी त्याला आपलं वर-खाली ठाऊक असतं. मग सातवाच का? परवा तुम्हाला पाटी उजवीकडून भरायला लावली, तरी सातवा. कंदील या बाजूचा त्या बाजूला नेला, तरी सातवा. सहाव्याचा शेजार लागतो म्हणावं, तर मध्ये बोटभर अंतर आहे."

"मंग नागपूरवाल्याइले काय सांगतलं?"

"जे दिसलं ते. उलट्या रांगेतला पहिला तुकडा रस उलटा चढवतो. कारण ठाऊक नाही." ते थांबले. "शुक्रवारी महादेवराव स्वतः येताहेत."

महादेवराव हे नागपूरचे मोठे साहेब. त्यांचं पत्र भगवंतरावांनी दोनदा वाचून दाखवलं होतं. सातव्या कोंबाची गोष्ट खरी निघाली, तर अंधारकोठी मार्चअखेरपर्यंत चालू राहणार होती आणि पुढचंही पाहता येणार होतं. नाहीतर महिनाअखेरीला कोठी धान्याला परत. पुस्तकात आहे तेच पुन्हा सिद्ध करायला सरकारी कोठी कशाला अडवायची, असा त्या पत्राचा सूर होता.

कोठी गेली, तर सुभद्राबाईची खोलीही जाणार होती. फार्मच्या चाळीतली शेवटची, एक दार आणि एक जाळी असलेली. अंधारकोठीच्या कामाला म्हणूनच ती मिळाली होती. बारा वर्षांत सुभद्राबाईनं स्वतःच्या हातानं आतून कडी लावलेली ती पहिली खोली.

बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा निवृत्ती कापसाच्या एका जिनाच्या ठेकेदाराबरोबर कामाला म्हणून गेला, तो परतला नाही. पत्र नाही, निरोप नाही. कुणी बडनेऱ्यात पाहिला म्हणे, कुणी म्हणे पटकीत गेला. ती भावाकडे पिंपळगाव राजाला राहायला आली. तिनं कुंकू लावावं की न लावावं, यावर गावातल्या बायका तिच्यादेखत बोलत. ती लावत होती.

एकदा भगवंतराव तिला सांगत होते, की वर दहा भाग रस घातला, तर खाली सहा-सातच येतो.

"बाकीचा?" तिनं विचारलं होतं.

"वाटेत तुटतो. मोडून त्याचं दुसरंच काही होतं. असं काही लोक म्हणतात. काही म्हणतात, कुठंतरी अडकून बसतो."

"म्हंजे मरते का राह्यते, हे कोनाले ठाव नाई."

"नाही. बाहेर आला नाही, एवढंच दिसतं."



बुधवारी दुपारी तिचा थोरला भाऊ कारभारी बैलगाडी घेऊन आला. बैल लिंबाखाली सोडून तो खोलीच्या उंबऱ्यावर बसला, पाणी प्याला आणि खोली डोळ्यांनी मोजून घेतली.

"शुक्रवारी नाई, शनवारी नाई, आयतवारी येतो. सामान बांधून ठेव."

"काऊन?"

"तुह्या वयनीले पाचवा मयना लागला. घरात हात पायजे. तसंबी हे सरकारी खूळ किती दिवस चालंन? गाव इचारते मले, कारभारी, बहीन काय करते रे फारमात? काय सांगू? अंधारात बसून गहू उलटे करते म्हनून सांगू?"

"तसंच सांग. खरं थेच हाये."

"हासतीन ना लोकं."

"हासू दे. झुंबरवयनीनं दोन पोरांच्या येळी हेच हात राबवले दादा. सव्वा मयना झाला का मंग माही वळकटी वसरीत."

कारभारीनं तंबाखूची चंची काढली, उघडली, पुन्हा बांधली. "घर तुहंबी हाये," तो म्हणाला. वसरीबद्दल काही म्हणाला नाही. जाताना त्यानं बैलांना जरा जास्तच जोरानं हाकललं.

गुरुवारी सकाळी भगवंतरावांनी तालीम घ्यायची ठरवली. महादेवराव कोठीत स्टुलावर बसून पाहणार होते. लाल उजेडात त्यांना हात दिसेल, पण तुकडा दिसणार नाही. तेव्हा मोजणी मोठ्यानं म्हटली, तर त्यांना कळायला बरं. आजवर सुभद्राबाई मनातल्या मनात मोजत आली होती. पहिल्या दिवशी भगवंतरावांनीच सांगितलं होतं, की आत शक्यतो बोलायचं नाही, कोंबांवर श्वास येतो.

ओसरीवर उन्हात तिनं मातीनं भरलेली पाटी घेतली. तुकड्यांच्या जागी खराट्याच्या काड्या बोटबोटभर तोडून घेतल्या. भगवंतराव वही घेऊन समोर उभे राहिले.

"करा सुरू. सहा सरळ, सहा उलटे."

"लाभ," असं म्हणून सुभद्राबाईनं पहिली काडी रोवली. "एक. दोन. तीन. चार."

भगवंतरावांनी मान वर केली, पण थांबवलं नाही.

"पाच. सहा." तिनं पुढची काडी बोटांत फिरवून उलटी केली. "सात. आठ. नऊ. धा. अकरा."

पाटी भरली होती. तिनं हात झटकले.

"बारावी?" भगवंतरावांनी विचारलं.

"झाल्या की बारा."

"तुम्ही अकरा म्हणालात."

"लाभ धरून बारा साहेब."

भगवंतराव खाली बसले. त्यांनी पहिल्या काडीवर बोट ठेवलं आणि एकेका काडीवर बोट नेत ते स्वतः मोजू लागले. एक, दोन, तीन. सात म्हणताना त्यांचं बोट एका काडीवर टेकलं आणि तिथंच राहिलं. सुभद्राबाईनं पाहिलं. बोटाखाली होती ती तिनं 'सहा' म्हणून रोवलेली काडी.

"लाभ कशासाठी?" त्यांनी हळूच विचारलं.

"पयलं माप लाभाचं. माहा बाप तुळशीराम मापारी, चिखलीच्या बजारात पायली त्याच्याच हाती राहे. पयली पायली भरली, का लाभ म्हनायचं आन् राशीत परत टाकायची. रास सरू नये म्हनून. मंग एक."

"आणि ती मोजायची नाही."

"लाभ कोनी मोजते का साहेब?"

गव्हाच्या राशीत लाभाचं माप परत टाकता येतं. कोठीत परत टाकायला रास नव्हती. म्हणून तो तुकडा आपल्या जागी बसे आणि मोजणी पुढच्या तुकड्यापासून सुरू होई. सरळ सात आणि उलटे पाच. उलट्यांत एक कमी भरतो, हे तिच्या हाताला कधीतरी जाणवलं असेल. पण पाटी भरली की काम संपलं, आणि पुढचं मोजणं साहेबांचं होतं.

"रोज असंच?"

"रोज."

"अकराही पाट्या."

"हाव. म्हंजे तुमचा सातवा माहा सहावा व्हय?"

"हो."

"थो तं सरळ लावलेला."

"हो."

"मंग वाकला थे बराबरच व्हय ना!" सुभद्राबाईचा चेहरा उजळला. गेले तीन महिने तिलाही त्या कोंबानं छळलं होतं. मग तिची नजर भगवंतरावांकडे गेली आणि तिनं पाटी उगाचच थोडी बाजूला सरकवली.

भगवंतराव पायरीवर बसले होते. चष्मा काढून त्यांनी हातात धरला होता. अंगणात दोन गडी सरकी वाळत घालत होते. त्यांच्या फावड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"दोन पाट्यांत सातवा वाकला नव्हता," ते म्हणाले. "ते कसं?"

"वडी घसरली असंन."

"हं. असेल." त्यांनी चष्मा चढवला. "पत्र गेलंय. उद्या ते येताहेत. दोनशे मैलांवरून." ते उठले, दोन पायऱ्या चढले आणि तिच्याकडे पाठ असताना म्हणाले, "उद्या मोठ्यानं नको. मनातच मोजा."

"लाभ धरून का सोडून?"

"रोजच्यासारखं," भगवंतराव म्हणाले आणि आत गेले.

सुभद्राबाई काड्या उपटत बसली. रोजच्यासारखं म्हणजे काय, हे तिला नीट कळलं होतं, आणि नेमकं तेच कळत नव्हतं. काल ती रोजच्यासारखं मोजत होती, तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. उद्या ती तेच, तसंच, त्याच हातानं मोजणार आणि ते वेगळं होणार. तिचा बाप बाजारात लाभ म्हणायचा, तो कोठारातल्या उंदरालाही ऐकू जाईल असा. विकणारा मान हलवायचा, घेणारा मान हलवायचा, मग माप राशीत परत पडायचं. दोघांनी ऐकला नाही असा लाभ तुळशीरामानं कधी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. मनातल्या मनात लाभ म्हणणाऱ्या एका मापाऱ्याला बाजारातून उठवल्याचं मात्र आठवत होतं. आणि ती स्वतः तीन महिने मनातल्या मनातच म्हणत आली होती.

शुक्रवारी सकाळी कामावर येताना तिनं आपली चार भांडी आणि दोन लुगडी पोत्यात भरून पोत्याचं तोंड बांधून ठेवलं.

महादेवराव साडेआठला मोटारीनं आले. पन्नाशीचे, जाडजूड, बोलताना दुसऱ्याच्या कपाळाकडे पाहणारे गृहस्थ. त्यांनी चहा नको म्हटलं, वही चाळली, अकराही सावल्यांचे कागद उजेडाला धरले आणि विचारलं, "तुकडे कोण लावतं?"

"सुभद्राबाई."

"शिकलेल्या आहेत?"

"नाही. हात चांगला आहे."

"हं. चला."

कोठीत तिघं शिरली. दार लागलं, वर काळा पडदा आला. महादेवरावांचं स्टूल करकरलं. आत ओल्या गोणपाटाचा आणि रुजत्या गव्हाचा वास होता. सुभद्राबाईनं पातं स्पिरिटमध्ये बुडवलं, पहिला कोंब धरला, शेंडा उडवला, तुकडा कापला आणि वडीवर नेला. तिच्या ओठांत शब्द आपोआप आला होता. हात थांबला. तो तुकडा तिनं बाजूच्या बशीत टाकून दिला आणि नवा कोंब घेतला.

एक, तिनं मनात म्हटलं आणि तुकडा लावला. डाव्या हाताची करंगळी दुमडली. दोन. तीन. पाचापर्यंत बोटं पुरली. सहावा लावून झाल्यावर तिनं पदराच्या गाठीतून आगपेटीची एक काडी काढली आणि त्या तुकड्यापुढे आडवी ठेवली. मग पुढचा तुकडा कापला, न सोडता फिरवला आणि काडीच्या पलीकडे बूड वर करून लावला. सात. शेवटचा तुकडा लावताना तिनं मनात 'बारा' म्हटलं. त्या कोठीत हा आकडा तिच्या मोजणीत पहिल्यांदाच आला होता. पुन्हा एकदा तिनं एकापासून बारापर्यंत डोळ्यांनी मोजलं. काडीच्या अलीकडे सहा, पलीकडे सहा. काडी उचलून तिनं पदरात बांधली.

मागे भगवंतरावांनी उभ्या उभ्या पाय बदलला, एवढाच आवाज झाला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी खालच्या वड्या बारा कोंबांना चिकटवून झाल्या. पाऊणच्या सुमाराला महादेवरावांनी स्वतः सावल्या गिरवल्या. पहिला कललेला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा कललेला. सुभद्राबाई दाराशी उभी होती. तिची नजर आठव्या-नवव्यावर होती. सगळे ताठ होते. सातव्याकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. कारण तो ताठच असणार होता, आणि तो ताठ दिसला की दुसऱ्या क्षणाला भगवंतरावांना दिसणार होता.

"अकरा अंश," महादेवराव म्हणाले.

भगवंतरावांनी पुढे वाकून पाहिलं.

"सातवा. अकरा अंश." त्यांनी कोनमापक पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा. "बाई, हा तुकडा कसा लावला होता?"

सुभद्राबाई पुढे आली. तिनं वाकून डावीकडून मोजलं, मग उजवीकडून. "उलटा," ती म्हणाली.

"नक्की?"

"हाव साहेब. एकापासून मोजला म्या. सहाच्या पुढं काडी ठेवली होती. हा काडीच्या पल्याडचा."

भगवंतराव खोकले.

"सवयीनं हात सरळच बसला असेल," महादेवराव म्हणाले.

"नाई. फिरवला. मले आठोते, फिरवला." पण सांगताना तिची डावी करंगळी आपोआप दुमडली आणि उघडली. जणू तिला स्वतःचीच पुन्हा मोजदाद करायची होती.

महादेवराव बराच वेळ कोंबाकडे पाहत राहिले. मग वहीत दोन ओळी लिहून त्यांनी खाली सही केली. "मार्चअखेरपर्यंत चालू द्या," ते म्हणाले. "मला कळत नाही हे काय आहे. पण आहे. निबंध टाइप करून पाठवा, मी पुढे धाडतो." अडीच वाजता त्यांची मोटार मलकापूरच्या गाडीसाठी निघाली.

धूळ खाली बसल्यावर भगवंतराव कोठीच्या दाराशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत न दिसलेली टवटवी होती.

"सुभद्राबाई, बरं केलंत."

"काय केलं म्या?"

"असो. खोली राहिली तुमची."

"साहेब, म्या लाभ सोडून मोजलं. खरंच सोडून."

"हो, हो," भगवंतराव हसले. "तुम्ही आत बोललात तसंच. काडीसुद्धा छान सुचली. कुणी विचारलं, तर हेच सांगायचं."

"मंग थो काऊन वाकला? रस खालून वर जाते का काय?"

"उद्या बुलढाण्याला जातो. तिथं टाइप करणारा आहे. सोमवारी येईन." ते चार पावलं गेले आणि वळून, आवाज उतरवून म्हणाले, "आता हा विषय आपल्या दोघांत नको."

सुभद्राबाईनं पदराची गाठ सोडली. काडी होती. काडी असण्यानं काय ठरत होतं, ते तिला सांगता येईना. त्या काडीच्या पलीकडून तुकडा फिरवल्याचं तिच्या बोटांना आठवत होतं. आणि ज्या अकरा पाट्या तिनं चुकीच्या भरल्या, त्याही तिच्या बोटांना बरोबरच आठवत होत्या.

शनिवार, २६ नोव्हेंबर. साहेब बुलढाण्याला गेले होते. किल्ली तिच्याकडेच असे. सकाळी आठ वाजता तिनं कोठी उघडली, पडदा लावला, कंदील पेटवला आणि कुणी न सांगता तेरावी पाटी घेतली. या पाटीत तिनं सगळे तुकडे उलटे लावले. कापायचा, न सोडता फिरवायचा, लावायचा. बाराच्या बारा, बूड वर. म्हणजे कुठूनही मोजलं, लाभ धरून मोजलं किंवा सोडून मोजलं, तरी काही बिघडणार नव्हतं. सव्वादहाला तिनं वड्या कोंबांना लावल्या आणि ती दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. शेजारची मंजुळाबाई शेणाची पाटी घेऊन जाताना थांबली.

"काय वं, आज साहेब नाईत तं सुट्टी ना तुले?"

"नाई. पाटी लावली."

"कोनं सांगतली?"

"कोनंच नाई."

"मंग येडी का खुळी तू?" म्हणत मंजुळाबाई पुढे गेली.

बाराच्या सुमाराला सुभद्राबाई आत शिरली. तिनं कोरा कागद पाटीमागे टेकवला, कंदील सरकवला आणि साहेब गिरवत तशा सावल्या पेन्सिलीनं गिरवल्या. कोनमापक तिला वाचता येत नव्हता, आकडेही लिहिता येत नव्हते. सावल्या मात्र स्वच्छ होत्या. अकरा ताठ. एक उजवीकडे कललेली. डावीकडून चौथी. तिनं पाटी फिरवून पाहिली, कंदील या अंगाचा त्या अंगाला नेला, पुन्हा मोजलं. चौथीच. सातवा कोंब सुतासारखा सरळ उभा होता.

कागद घेऊन ती उजेडात आली. प्रत्येक सावलीखाली तिनं करंगळीच्या नखाएवढा एकेक कोंब रेखला, शेंडा खाली आणि बूड वर, म्हणजे बाराही उलटेच लावले होते हे न विचारता कळावं. बारा झाले. मग तो कागद तिनं साहेबांच्या टेबलावर, दाराकडून येणाऱ्याला आधी दिसेल असा ठेवला आणि वर दगड ठेवला.

कारभारी उद्याच गाडी घेऊन येणार होता. साहेब सोमवारी अकराच्या मोटारीनं येणार होते.